मधूनच जाणारं इंटरनेट पकडायचं कसं? वायरशार्कचं ‘लांब रेकॉर्डिंग’ समजून घ्या

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ शहरात हे वाक्य ऐकलं की चिडचिड होते. सुरगाणा तालुक्यात ऐकलं तर पाड्यावरून आलेल्या माणसाची अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते. दाखला असो, रेशनचं ई-केवायसी असो की बँकेचं काम, सगळं इंटरनेटवरच चालतं. नाशिक जिल्ह्यातल्या, गुजरात सीमेला लागून असलेल्या या आदिवासी तालुक्यातल्या काही गावांनी 2022 च्या अखेरीस सोयी मिळत नाहीत म्हणून थेट गुजरातमध्ये जाण्याची मागणी केली होती.

पण दर वेळी सर्व्हरच डाऊन असतो का? की लाइन तुटलेली असते? की खोलीतला राऊटरच बिघडलेला असतो? तंत्रज्ञ येतो तेव्हा नेट नेमकं सुरू असतं. अशा वेळी कामी येतो प्रोटोकॉल अॅनालायझर.

हे नेमकं काय असतं?

नेटवर्कवरून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पॅकेटची वेळेसह नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. सर्वांत प्रसिद्ध म्हणजे वायरशार्क. गेराल्ड कोम्ब्स यांनी 1998 मध्ये ते ‘इथरियल’ नावाने आणलं आणि 2006 मध्ये त्याचं नाव बदललं. ते मोफत आहे.

मग नुसतं सुरू करून ठेवलं तर?

डिस्क भरेल. हिशेब बघा. 10 एमबीपीएसची लाइन पूर्ण वापरात असेल तर सेकंदाला 1.25 एमबी, तासाला साधारण 4.5 जीबी आणि दिवसाला 108 जीबी डेटा जमतो. शिवाय मेमरी संपून प्रोग्रामच बंद पडू शकतो.

उपाय काय?

1. रिंग बफर. हे रहाटगाडग्यासारखं चालतं. शेवटची फाइल भरली की सर्वांत जुनी पुसून तिच्या जागी नवी सुरू होते. ‘कॅप्चर ऑप्शन्स’मधल्या ‘आउटपुट’ भागात प्रत्येक फाइल 100 एमबीची आणि एकूण 200 फाइल्स असं ठरवलं, तर साधारण 20 जीबीच्या आसपासच जागा लागते. मध्येच वीज गेली तरी आधी पूर्ण झालेल्या फाइल्स शाबूत राहतात.

2. स्नॅप लेंथ. प्रत्येक पॅकेट किती बाइटपर्यंत साठवायचं, ती मर्यादा. बिघाड शोधायला सहसा पॅकेटच्या सुरुवातीची माहिती पुरते. 1500 बाइटच्या पॅकेटमधले पहिले 128 बाइट घेतले तर जागा साधारण बारावा हिस्सा लागते. वरच्या उदाहरणात तेच 20 जीबी साडेचार तासांऐवजी दीड-दोन दिवस पुरू शकतात.

3. डंपकॅप. वायरशार्कसोबतच येणारा हा छोटा प्रोग्राम फक्त रेकॉर्डिंग करतो, पडद्यावर काही दाखवत नाही. त्यामुळे तो दिवसेंदिवस चालू ठेवता येतो.

रेकॉर्डिंगआधी तीन गोष्टी तपासा. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद हवा. घड्याळ बरोबर हवं. आणि स्विचवर ‘पोर्ट मिररिंग’ लावलेलं हवं, नाहीतर प्रामुख्याने तुमच्याच लॅपटॉपचा ट्रॅफिक दिसेल. सोबत राऊटरला आणि बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग चालू ठेवा. नेट गेलं की वेळ लिहा आणि जुन्या फाइल्स पुसल्या जाण्याआधी रेकॉर्डिंग थांबवा.

दोषी कोण, हे कसं कळतं?

- राऊटरच उत्तर देत नसेल, तर बिघाड खोलीतच आहे.
- राऊटर उत्तर देतो, पण बाहेरून काहीच येत नाही? मग संशय लाइनवर.
- बाकी सगळं चालतं, फक्त एकच सर्व्हर गप्प? तेव्हा मात्र ‘सर्व्हर डाऊन’ हे बहुधा खरं असतं.

परवानगीशिवाय नको

हे फक्त स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या नेटवर्कवरच करा. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमधून डेटा काढल्यास भरपाई द्यावी लागू शकते. बहुतेक वेबसाइट्सचा मजकूर आता एन्क्रिप्टेड असतो, तरी कोण कुठल्या साइटवर गेलं याचा माग राहतोच. म्हणून काम झाल्यावर फाइल्स पुसून टाका.

‘नेट चालत नाही’ या तक्रारीवर ‘बघतो’ असं उत्तर मिळतं. ‘11 वाजून 42 मिनिटांपासून 17 मिनिटं राऊटर सुरू होता, बाहेरून एकही पॅकेट आलं नाही’ असं नोंदीसह लिहिलं, तर तक्रार टोलवणं अवघड होतं. आणि पुढच्या वेळी पाड्यावरून आलेल्या माणसाला ‘उद्या या’ ऐवजी खरं कारण तरी सांगता येतं.