तापल्या इंजिनांचा इतिहास

स्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात येणारे गाडीवेडे दोन जातींचे असतात. काही जण लिफ्टमधून बाहेर पडले की थेट रेसिंगच्या दालनाकडे सुटतात. काही जण ३०० एसएलच्या वर उघडणाऱ्या दारांपाशी फोटो काढत बसतात. मी दोन्ही केलं, नाही असं नाही. पण गेलो होतो ते रेडिएटर बघायला. बरोबरच्या मंडळींनी यावर काय शेरे मारले, ते इथं छापण्यासारखे नाहीत.

मोटारीचा इतिहास वेगाचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो उष्णतेचा आहे. पेट्रोल जळून मिळालेल्या ऊर्जेतला ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकं फिरवायला मिळतो. तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि जवळपास तेवढीच इंजिनाच्या धातूत शिरते. सिलिंडरमध्ये भडका उडतो तेव्हा आतलं तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं. ही उष्णता सतत काढून टाकली नाही, तर ऑइलचा थर जळतो, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो आणि गॅरेजवाला मान हलवत म्हणतो, ‘इंजिन सीझ झालंय.’

बेन व्हान बेर्केल यांच्या ‘यूएन स्टुडिओ’नं बांधलेलं हे संग्रहालय २००६ मध्ये उघडलं. लिफ्ट आधी सगळ्यात वरच्या मजल्यावर नेते आणि तिथून डीएनएच्या सर्पिलांसारख्या एकमेकींभोवती फिरणाऱ्या दोन वाटांनी खाली उतरायचं असतं. वर स्वागताला पांढरा घोडा आहे. त्याच्यापुढं कार्ल बेंझची तीन चाकी गाडी, पेटंटची तारीख २९ जानेवारी १८८६. एक सिलिंडर, ९५४ सीसी, ताकद पाऊण अश्वशक्ती. म्हणजे दारातला घोडासुद्धा तिला भारीच.

गाडीच्या मागं वाकून बघितलं तर आडवं पडलेलं भलंमोठं फ्लायव्हील दिसतं. ते उभं ठेवलं तर गाडी वळवताना अडथळा करेल, अशी बेंझला धास्ती होती. रेडिएटर मात्र कुठंच नाही. सिलिंडरभोवती पाणी असायचं, ते उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. पद्धत भाबडी वाटते, पण भौतिकशास्त्राच्या हिशोबात बसते. एक लिटर पाणी वीस अंशांवरून शंभरावर आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी उकळवून पूर्ण उडवायचं, तर आणखी सुमारे २,२६० किलोज्यूल. वाफ इतकी उष्णता घेऊन जाते, तर अडचण कसली? पाणी संपतं, ही.

कार्लची बायको बेर्टा हिनं ऑगस्ट १८८८ मध्ये दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटर गाडी नेली. तिनं टोपीच्या पिनेनं इंधनाची नळी साफ केली, वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, हे किस्से सगळेच सांगतात. पाण्याचं कुणी सांगत नाही. इंधनापेक्षा कितीतरी जास्त वेळा त्या तिघांना पाण्यासाठी थांबावं लागलं. खानावळ, ओढा, जिथं मिळेल तिथं.

शेजारीच गोटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांचं काम मांडलंय. त्यांच्या १८८५ च्या लाकडी दुचाकीत ठिणगी नव्हती. बर्नरनं लालबुंद ठेवलेली नळी इंधनाचा भडका उडवायची आणि हे सगळं बसणाऱ्याच्या बरोबर खाली. पहिल्याच फेरीत डाइमलरच्या मुलाची सीट पेटली, असं सांगतात. मूळ गाडीही पुढं १९०३ मध्ये कारखान्याला लागलेल्या आगीत गेली. इथं आहे ती प्रतिकृती.

खाली उतरलो आणि ज्यासाठी आलो होतो ते सापडलं. १९०२ ची मर्सिडीज-सिम्प्लेक्स ही आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी मर्सिडीज. तिच्या नाकावर पितळी चौकट आहे आणि चौकटीत बारीक चौकोनी भोकांची जाळी. हाच मायबाखचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर. तो आधी ३५ अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीजला बसवला गेला. त्यात सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांमधून हवा जायची आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी फिरायचं. मी तिथंच कागदावर गणित मांडलं. नळीची लांबी दहा सेंटिमीटर धरली, तर हवेला भिडणारा पृष्ठभाग एकोणीस चौरस मीटरच्या वर जातो. म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या खोलीची जमीन, गाडीच्या नाकात घडी घालून बसवलेली. पाण्याची गरज निम्म्यावर, नऊ लिटरवर आली आणि तेच पाणी पुन्हापुन्हा वापरता आलं. इंजिनाची ताकद वाढवायला इथून खरी मोकळीक मिळाली. मायबाखनं मागं छोटा पंखाही बसवला, कारण गाडी हळू चालली की समोरून वारा येत नाही.

हा पंखा कशासाठी, ते घाट चढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. टाटांच्या टेल्कोनं १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला आणि तारा मिरवणारे ट्रक आपल्या रस्त्यांवर आले. खंडाळ्याच्या चढावर इंजिन सगळी ताकद लावतंय आणि वेग मात्र पायी चालणाऱ्याचा, मग उकळणार नाही तर काय? बॉनेट उघडं, क्लीनर पाण्याचा डबा घेऊन उभा. आता रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं, त्यामुळं पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. गरम गाडीचं झाकण उघडू नये ते याचसाठी. दाब सुटला की ते सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं.

शेवटच्या दालनात चंदेरी रेसिंग गाड्या कलत्या वळणावर उभ्या आहेत. त्यांत १९३८ ची विक्रमी गाडी आहे, बारा सिलिंडर आणि ७३६ अश्वशक्तीची. २८ जानेवारीला रेसर रुडॉल्फ काराचिओलानं ती फ्रँकफुर्ट-डार्मश्टाट महामार्गावर ताशी ४३२.७ किलोमीटर वेगानं पळवली. वाऱ्याला वाट द्यायची तर रेडिएटरसाठी नाकाला मोठं तोंड हवं आणि मोठं तोंड म्हणजे हवेचा अडथळा. म्हणून इंजिनीअरांनी तोंड जवळजवळ बंद केलं, इंजिनाला श्वास घ्यायला दोन भोकं ठेवली आणि आत बर्फ भरला. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो आणि त्या वेगानं किलोमीटर पार करायला सव्वाआठ सेकंद लागतात. तेवढ्यापुरतं हे गणित जमतं, रोजच्या गाडीला नाही. त्याच दिवशी तो विक्रम मोडायला निघालेला ऑटो युनियनचा बेर्न्ड रोझमायर त्याच रस्त्यावर अपघातात गेला. काराचिओलाचा सार्वजनिक रस्त्यावरचा विक्रम २०१७ पर्यंत टिकला.

तापलेलं बाहेर कसं काढायचं, हा प्रश्न इमारतीलाही सोडवावा लागला. मजले मधल्या उंच चौकाला उघडे, मध्ये आगीची दारं नाहीत. कुठं आग लागली, तर धूर सगळीकडे पसरणार. त्यावर उपाय म्हणून भिंतींत १४४ झोत बसवलेत. ते तिरपे फुंकतात, हवा चौकात गोल फिरू लागते आणि मधोमध कमी दाबाचा स्तंभ तयार होतो. मजल्यांवरचा धूर त्यात ओढला जातो आणि छतातून बाहेर फेकला जातो. चौतीस मीटरहून उंच असं हे कृत्रिम चक्रीवादळ उभं राहायला सुमारे सात मिनिटं लागतात. गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

संग्रहालयाला लागूनच कंपनीचं विक्रीदालन आहे. तिथं विजेवर चालणारी इक्यूएस बघितली. समोरची जाळी गेली, तिच्या जागी काळी गुळगुळीत पाटी, मागं सेन्सर. रेडिएटर संपला असं वाटेल, पण तसं नाही. बॅटरीला इंजिनापेक्षा जास्त नखरे, साधारण माणसाला सोसतं तेच तापमान तिला मानवतं. म्हणून तिच्या तळाशी कूलंट फिरत असतं. मे महिन्यातल्या दुपारी फास्ट चार्जरवर लावलेली विजेची गाडी जागच्या जागी उभी असून तिचा पंखा घरघरतो तो त्यामुळंच. आणि एवढं करूनही बॅटरी तापली, तर गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग उतरवते.