प्रथम नग तपासणी

प्रथम नग तपासणी : एखाद्या वस्तूचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू करण्यापूर्वी, नियोजित यंत्रे, साधने व कच्चा माल वापरून तयार केलेले पहिले नग आराखड्यातील प्रत्येक अटीशी ताडून पाहण्याच्या पद्धतीस प्रथम नग तपासणी म्हणतात. नेहमीच्या तपासणीत सदोष नग वेगळे काढले जातात; या तपासणीत नगाच्या द्वारे उत्पादन प्रक्रियेचीच परीक्षा होते. साच्यातील किंवा यंत्राच्या मांडणीतील चूक पुढील प्रत्येक नगात उतरत असल्याने ती आरंभीच सापडणे महत्त्वाचे असते.

पद्धती : आराखड्यातील प्रत्येक माप व सूचना यांना क्रमांक देऊन त्यांपुढे प्रत्यक्ष आढळलेली मूल्ये नोंदवितात. उदा., दंडाचा व्यास २५ ± ०·०२ मिमी. ठरविला असेल, तर २५·०१९ मिमी. व्यासाचा नग ग्राह्य ठरतो. पण माप मर्यादेच्या अगदी कडेला असल्याचे या आकड्यावरूनच समजते, ‘योग्य’ एवढ्या शेऱ्यावरून नाही. मापांखेरीज धातूचे संघटन, कठिनता, उष्णता संस्करण व मुलामा यांचीही खातरजमा करतात. एका साच्यात अनेक पोकळ्या असल्यास प्रत्येक पोकळीतील नग स्वतंत्रपणे तपासावा लागतो. प्लॅस्टिकचे नग थंड होताना आकसतात, म्हणून ते पूर्ण निवल्यावरच मोजतात.

मानके : विमान उद्योगात एएस ९१०२ हे मानक प्रचलित आहे. आराखडा, प्रक्रिया किंवा उत्पादनाचे ठिकाण बदलल्यास, तसेच उत्पादन दोन वर्षे खंडित झाल्यास, त्यानुसार बाधित बाबींची तपासणी पुन्हा करावी लागते. मोटार उद्योगातील उत्पादन भाग मान्यता प्रक्रियेत (पीपीएपी) ग्राहकाने अन्यथा मान्य न केल्यास एक ते आठ तासांच्या प्रत्यक्ष उत्पादनातील किमान ३०० सलग नगांतून नमुने घेतात.

नमुन्याचे प्रातिनिधित्व : तपासलेला नमुना पुढील उत्पादनासारखाच नसेल, तर निष्कर्ष फसवा ठरतो. ब्रिटनमधील द हॅविलंड कंपनीच्या ‘कॉमेट’ विमानाच्या कायेचा एक भाग शिणवटा चाचणीत सु. १८,००० दाब-आवर्तने टिकला होता. तथापि १९५४ मध्ये जानेवारीत व एप्रिलमध्ये दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटून एकूण ५६ जण मृत्यू पावले. त्यांची अनुक्रमे सु. १,२९० व ९०० उड्डाणेच झाली होती. चाचणीच्या भागाला आधी नेहमीच्या कार्यदाबाच्या दुपटीपर्यंत दाब दिला गेल्याने त्याचे शिणवटा-आयुष्य वाढले होते. सेवेतील विमानांना एवढा दाब कधीच दिलेला नव्हता, असे चौकशीत दिसून आले.

मर्यादा : हत्यारे झिजतात आणि कच्च्या मालाचे गुणधर्म बदलतात. त्यामुळे पहिला नग निर्दोष ठरला, तरी उत्पादन चालू असताना नियमित तपासणी करणे आवश्यकच असते.