नातवंडं दोन दिवस येतात तेव्हा

शहापूर-मुरबाडच्या आपल्या वस्त्यांमधली तरुण पोरं कामधंद्यासाठी कल्याण, उल्हासनगर, भिवंडीला गेली आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिली. म्हातारी माणसं गावात उरली. शहापूरकरांना आसनगावहून लोकल तरी आहे. मुरबाडला यायचं तर कल्याणहून एसटी गाठावी लागते. मग नातवंडं येतात ती दिवाळीत, मे महिन्यात नाहीतर १४ एप्रिलच्या जयंतीला. दोन दिवस, फार तर चार.

हे दोन दिवस आजीचे चुलीपुढेच जातात, असं आम्ही घरोघरी पाहतो. नातू ओट्यावर मोबाईल बघत बसतो. एक वेळ डाळ-भात आणि सुकट केली तर कुणी उपाशी राहत नाही. भाकरी थापायचीच असेल तर पिठाचा एक गोळा त्याच्याही हातात द्या.

तान्हं बाळ आजीला पाहून रडतं, ते तिच्या मनाला फार लागतं. ‘पोर मला विसरलं’ म्हणते. आयांनो, सात-आठ महिन्यांपासून बाळाला ओळखीचा आणि परका चेहरा वेगळा कळू लागतो. ते वाढीचं लक्षण आहे. धावत जाऊन उचलू नका. त्याच्या आईशेजारी खाली बसा, गप्पा मारा, वाटी-चमचा वाजवा. थोड्या वेळाने तेच रांगत येईल. एरवी फोनवर बोलताना दर वेळी एकच गाणं म्हणा, म्हणजे आवाज ओळखीचा राहतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. सून नको म्हणते ते बरोबर आहे.

उकाड्यात सगळी जमिनीवर ओळीने झोपतात. पोरांना ती मजा वाटते, पण मण्यार रात्री अंथरुणात शिरते. तिचा दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. पहाटे पोरगं पोटात दुखतं म्हणालं, पापण्या जड झाल्या, तर भगताकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा.

आम्हाला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. पोरं आली की म्हातारी माणसं दुखणं लपवतात. ‘दोन दिवसांसाठी आलीत, कशाला जिवाला घोर?’ म्हणून बीपीची गोळी संपल्याचं सांगत नाहीत, पायाची जखम पदराआड ठेवतात. मुलगा परत जातो आणि पुढे कधीतरी रात्री त्याला फोन जातो. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी औषधाची पिशवी त्याच्यापुढे ठेवा. एक सकाळ त्याच्यासोबत दवाखान्यात जा, बीपी-शुगर तपासा. नंतर गोळ्या मात्र उंच फळीवर ठेवा, मिश्रीचा डबाही. लहान पोरं दोन्ही तोंडात घालतात.

आणि दर वेळी पोरांनीच का यावं? एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. गुडघे चालत असतील तर एखाद्या रविवारी आजीनेच कल्याणची गाडी धरावी. पिशवीत आधार कार्ड आणि दोन दिवसांच्या गोळ्या आठवणीने टाकाव्यात.