प्रतिनिधीला परत बोलावण्याचा अधिकार : नगरपंचायतीत शक्य, मग लोकसभेत का नाही?

बीरगांव (रायपूर, छत्तीसगड) : निवडून दिलेला प्रतिनिधी अपेक्षेस उतरला नाही, तर मतदाराने पाच वर्षे थांबावे की मुदतीपूर्वीच त्याला पदावरून दूर करता यावे? लोकपाल आंदोलनाच्या काळात, २०११ मध्ये, अण्णा हजारे यांनी ही मागणी देशासमोर मांडली होती. खासदार व आमदारांच्या बाबतीत ती आजही मागणीच आहे. छत्तीसगडमध्ये मात्र नागरी स्थानिक संस्थांच्या पातळीवर मतदारांनी हा अधिकार प्रत्यक्ष बजावला आहे.

१५ जून २००८ रोजी नवागढ, गुंडरदेही आणि राजपूर या तीन नगरपंचायतींमध्ये अध्यक्षांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले आणि तिन्ही अध्यक्षांना पद गमवावे लागले. ही तरतूद छत्तीसगडला मध्य प्रदेशाच्या नगरपालिका कायद्यातून वारशाने मिळाली. मध्य प्रदेशात तिचा पहिला वापर २००१ मध्ये अनुपपूर येथे झाला होता. तेथील मतदारांपुढे ‘भरी कुर्सी’ आणि ‘खाली कुर्सी’ अशी दोन चिन्हे ठेवली जातात. अध्यक्ष राहावा असे वाटणाऱ्याने पहिले निवडायचे, जावा असे वाटणाऱ्याने दुसरे.

प्रक्रिया कशी चालते?

निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी किमान तीन चतुर्थांश सदस्यांनी स्वाक्षरी केलेला प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. त्याची पडताळणी झाल्यावर गुप्त मतदान होते. झालेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते विरोधात गेल्यास पद रिक्त होते. पदग्रहणानंतर पहिली दोन वर्षे असा प्रस्ताव आणता येत नाही.

या रचनेत अंतिम निर्णय मतदारांचा असला, तरी सुरुवात करण्याचा अधिकार नगरसेवकांकडेच राहतो. नागरिक कितीही नाराज असले, तरी नगरसेवक पुढे आल्याखेरीज मतपेटी उघडत नाही. उलट, नगरसेवक आणि अध्यक्ष यांच्यातील राजकीय वैरही जनतेच्या नावाने मतदानापर्यंत नेले जाऊ शकते.

महाराष्ट्रातील वाचकांना ही पद्धत अगदीच अनोळखी नाही. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाविरुद्ध ग्रामपंचायत सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव संमत केला, तरी विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यास मान्यता मिळावी लागते.

बीरगांवचा अनुभव

उरला औद्योगिक क्षेत्राला लागून असलेल्या बीरगांव महानगरपालिकेत ४० प्रभाग आहेत. २०१९ मध्ये छत्तीसगड सरकारने महापौरांची थेट निवडणूक रद्द करून तो अधिकार नगरसेवकांना दिला. त्यामुळे डिसेंबर २०२१ मध्ये बीरगांवच्या नागरिकांनी केवळ नगरसेवकांसाठी मतदान केले आणि नगरसेवकांनी महापौर निवडला. २०२४ च्या अखेरीस नव्या सरकारने थेट निवडणूक पुन्हा लागू केली. त्यानुसार फेब्रुवारी २०२५ मध्ये रायपूरसह दहा महानगरपालिकांच्या मतदारांनी महापौर निवडले. मुदत संपली नसल्याने बीरगांव, भिलाई, रिसाली आणि भिलाई-चरोदा येथे तेव्हा निवडणूक झाली नाही. परिणामी, शेजारच्या रायपूरमधील मतदाराने महापौराला मत दिले, पण बीरगांवच्या मतदाराला ती संधी मिळाली नाही.

ज्याला मत दिलेच नाही, त्याच्याकडून मत परत घेण्याची भाषा निरर्थक ठरते. उत्तरदायित्वाचा हा पहिला दुवा पाच वर्षांत दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा तो निर्णय मतदारांचा नव्हे, तर सत्तेवरील सरकारचा होता.

संसदेचे दार बंद का?

परत बोलावण्याच्या अधिकाराची चर्चा संविधान सभेतही झाली होती. सरदार वल्लभभाई पटेल यांनी त्यास विरोध केला आणि ती सूचना स्वीकारली गेली नाही. १९७४ मध्ये सी. के. चंद्रप्पन यांनी लोकसभेत यासाठी घटनादुरुस्ती विधेयक मांडले. अटलबिहारी वाजपेयी यांनी त्यास पाठिंबा दिला, तरीही ते संमत झाले नाही. त्यानंतर वरुण गांधी यांनी खासगी विधेयक आणले. मतदारसंघातील एक चतुर्थांश मतदारांच्या स्वाक्षऱ्यांनी प्रक्रिया सुरू व्हावी, असे त्यात सुचवले होते. खासगी विधेयकाचा कायदा होण्याची घटना मात्र १९७० नंतर घडलेली नाही.

अडचण केवळ राजकीय इच्छाशक्तीची नाही. वीस लाख मतदारांच्या लोकसभा मतदारसंघात एक चतुर्थांश म्हणजे पाच लाख स्वाक्षऱ्या. त्या गोळा करण्याचे बळ सामान्य नागरिकापेक्षा पराभूत उमेदवाराच्या पक्षाकडेच अधिक असते. शिवाय केंद्र सरकार लोकसभेतील बहुमतावर टिकून असते. काठावरच्या बहुमताच्या काळात हेच हत्यार सरकार अस्थिर करण्यासाठी वापरले जाण्याचा धोका आहे.

ब्रिटनने २०१५ च्या कायद्यात मधला मार्ग काढला. खासदाराला तुरुंगवासाची शिक्षा झाली, सभागृहातून ठरावीक काळासाठी निलंबन झाले किंवा भत्त्यांबाबत खोटी माहिती दिल्याचा गुन्हा सिद्ध झाला, तरच तेथे प्रक्रिया सुरू होते. सहा आठवड्यांत दहा टक्के मतदारांनी स्वाक्षरी केल्यास जागा रिक्त होते. २०१९ मध्ये पीटरबरोच्या खासदाराची जागा अशाच रीतीने रिक्त झाली. केवळ नापसंती तेथे पुरेशी ठरत नाही, गैरवर्तन आधी सिद्ध व्हावे लागते.

छत्तीसगडच्या तीन छोट्या शहरांनी दाखवून दिले, की मतदार हा अधिकार वापरू शकतात. संसदेसाठी तो आणायचा, तर प्रक्रिया कोणी आणि कोणत्या कारणावरून सुरू करायची, हे कायद्याने आधी ठरवावे लागेल. आणि ते नियम सत्तांतराबरोबर बदलणार नाहीत, याची हमी द्यावी लागेल. बीरगांवच्या मतदाराला स्वतःच्या शहरातही ती हमी अद्याप मिळालेली नाही.