पिस्तूल घ्यायचं, पण पारखून

आजवर आमच्या गटाने शेळीसाठी कर्ज दिलं, शिलाई मशीनसाठी दिलं, बियाण्यासाठी आणि कॉलेजच्या फीसाठी दिलं. मागच्या हिवाळ्यात एका ताईंनी मुलीच्या पिस्तुलासाठी कर्ज मागितलं. बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मग एक आजी म्हणाल्या, "काहून वो बाई, कोनावर चालवाचं हाय?"

कोणावरच नाही. हे नेमबाजीचं एअर पिस्तूल. दहा मीटरवर लक्ष्य असतं आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ, 11.5 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. एका हाताने, कशाचाही आधार न घेता, 75 मिनिटांत 60 वेळा तिथे मारायचं. आपल्या राज्यातल्या कोल्हापूरची राही सरनोबत पिस्तुलावरच 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकली. तिचा प्रकार 25 मीटरचा, पण एका हाताने नेम धरणं तेच.

मुलगी वर्षभर क्लबचं पिस्तूल वापरत होती. परदेशी बनावटीचं नवीन पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जातं. नागपूरला एक जुनं पाऊण लाखात मिळत होतं. एवढे पैसे द्यायचे, तर वस्तू पाहिल्याशिवाय कशा देणार? म्हशीच्या बाजारात आपण दोन वेळा धार काढून पाहतोच ना! म्हणून आम्ही दोघी त्या मायलेकींसोबत एसटीने नागपूरला गेलो. तिथल्या प्रशिक्षकांना आधीच विनंती केली होती, की आम्हाला समजेल असं सांगा.

त्यांनी पहिल्यांदा पिस्तूल मुलीच्या हातात दिलं आणि डोळे मिटून उचलायला सांगितलं. डोळे उघडल्यावर पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. तिला ती डावीकडे सरकलेली दिसली. मूठ मोठ्या माणसाच्या हाताची होती. या पिस्तुलांची लाकडी मूठ चपलेसारखी मापाने येते, लहान, मध्यम, मोठी. उजव्या हाताची वेगळी, डाव्या हाताची वेगळी. थोडी सैल असेल तर लाकडाची लुगदी भरून कानशीने घासून बसवता येते. फारच मोठी असेल तर बदलावीच लागते. आम्हाला वाटलं होतं आधी कंपनी पाहतील. कंपनीचा विषय शेवटपर्यंत निघाला नाही.

मग वजन. नियमाने पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, बहुतेक किलोभराचं असतं. किलोभर काय, आपण घागरी वाहतो, असं आम्हालाही वाटलं. हात सरळ लांब करून धरलं तेव्हा मिनिटभरात खांदा भरून आला.

चापाची, म्हणजे ट्रिगरची परीक्षा आम्हाला सगळ्यात आवडली. चाप निदान 500 ग्रॅमचा असावा असा नियम आहे. छर्रा नसल्याची दोनदा खात्री करून प्रशिक्षकांनी नळी सरळ वर केली, चापाला दोऱ्याने अर्ध्या किलोचं वजन अडकवलं आणि पिस्तूल हळूच उचललं. वजन उचललं गेलं आणि चाप सुटला नाही, तर पास. सुटला तर स्पर्धेतल्या तपासणीत पिस्तूल अडकणार. आमचा चाप पास झाला.

त्यानंतर पिस्तूल शिकंज्यात आवळून दहा मीटरवरून पाच छर्रे मारले. माणसाचा हात मध्ये नसला की पिस्तुलाचा खरेपणा कळतो. पाचही छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जायला हवेत. हे फाकले. दुसऱ्या डब्यातले छर्रे घातल्यावर मात्र एकच भोक पडलं. छर्रा 4.5 मिलिमीटरचाच, पण केसभर फरकाने एखाद्या नळीला एक मानवतो, दुसरा नाही. छर्रे शिशाचे असतात बरं का. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय पोरीला भाकरीला हात लावू देऊ नका.

घोडं अडलं सिलिंडरवर. यात दाबाची हवा भरतात, सुमारे 200 बार, म्हणजे मोटारीच्या टायरच्या कितीतरी पट. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि बऱ्याच कंपन्या वापराची मुदत दहा वर्षे धरतात. मुदत पाहण्याची जबाबदारी खेळाडूचीच. या सिलिंडरची मुदत संपून दोन वर्षे झाली होती. विकणारा म्हणाला, "चालतं हो, काही होत नाही." मुलीच्या तोंडाशी येणाऱ्या वस्तूबद्दल हे ऐकून तिची आई उठूनच उभी राहिली.

हवा गळते का, ते पाहायला रात्रभर ठेवून काटा पाहावा लागतो. तिथवर आम्ही गेलोच नाही.

पिस्तूल ऐनवेळी दगा देतं, हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं, वेळ गेला, आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढे 2024 ला पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं मिळवली.

कायद्याचंही विचारून घेतलं. 4.5 मिलिमीटरच्या, 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. दुकानात ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. जुनं घेताना मूळ बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक पिस्तुलावरच्या क्रमांकाशी जुळवा. परवाना नाही म्हणजे खेळणं आहे असं नव्हे. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. घरी पिस्तूल कुलपात, छर्रे वेगळ्या ठिकाणी.

पाऊण लाखाचं कर्ज आम्ही नामंजूर केलं. छर्रे, बूट आणि महिन्यातून दोनदा नागपूरच्या भाड्यापुरतं छोटं कर्ज दिलं. मुलगी परतीच्या एसटीत एक शब्द बोलली नाही, आणि आम्हालाही वाईट वाटलं. आता ती अंगणात पाण्याची लिटरची बाटली हात लांब करून धरते आणि आई घड्याळ पाहते. पुढच्या महिन्यात दुसरं एक पिस्तूल पाहायला जायचं आहे. या वेळी दोरा आणि गटाच्या दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन आम्ही घरूनच नेणार आहोत.