‘तुंबाड’मध्ये घाबरायचं कशाला?

‘तुंबाड’चा विषय निघाला की एक वाक्य मला हमखास ऐकू येतं: ‘सिनेमा भारी, पण भीती नाही वाटली.’ राही अनिल बर्वेंचा हा हिंदी सिनेमा 2018 मध्ये आला, 2024 मध्ये पुन्हा थिएटरला लागला, तेव्हाही हेच ऐकलं.

मला वाटतं, ही मंडळी हस्तरकडे बघत बसतात. हस्तर तर भुकेलेला. कणकेची बाहुली दिसली की तो तिच्यावर तुटून पडतो आणि तेवढ्यात विनायक त्याच्या लंगोटातल्या मोहरा लांबवतो.

मला घाबरवतो तो विनायक. दोरावरून कसं उतरायचं, हात कसा मारायचा, हे तो पांडुरंगला शिकवतो. एखादा कारागीर पोराला हाताशी धरतो ना, अगदी तसं! आणि पोरगं बापाच्या चार पावलं पुढं. एकच बाहुली कशाला, भरपूर नेऊ, अख्खा लंगोटच आणू. साखळीनं बांधलेल्या म्हातारीपेक्षा मला हा प्रसंग जड जातो. (ती म्हातारी आणि पांडुरंग, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाच्या.)

सिनेमा पाहिला नसेल तर इथंच थांबा. शेवटी बाप लंगोट पुढं करतो, मुलगा घेत नाही. ‘पोरगा सुटला’ असं काहीजण म्हणतात. सुटला खरा, पण त्याआधी बापाला स्वतःच्या हातानं पेटवावं लागलं त्याला.