मालवण किनाऱ्यावरील बिनतारी जाळ्याची स्तरयुक्त आखणी

मालवण तालुक्यातील मसुरे गावची आंगणेवाडी ही एरवी एक लहानशी वाडी. श्रीभराडीदेवीच्या जत्रेस मात्र तेथे लाखो भाविक लोटतात. आणि जत्रेचा दिवस पंचांगाने ठरलेला नसून दरवर्षी देवीच्या कौलाने ठरतो. मागणीची सरासरी अत्यल्प आणि शिखर अत्युच्च असता क्षमता कोणत्या मापाने योजावी, हा प्रश्न येथे ठळकपणे उभा राहतो.

शॅननने १९४८ मध्ये दाखविल्याप्रमाणे वाहिनीची क्षमता पट्टरुंदीच्या सम प्रमाणात वाढते. संदेश व गोंगाट यांच्या गुणोत्तराबरोबर मात्र ती केवळ लॉगरिथमाच्या मंद गतीने वाढते. यास्तव प्रक्षेपणशक्ती वाढवून फारसे साधत नाही. पट्टरुंदी वाढविणे, अथवा तीच पट्टरुंदी लहान क्षेत्रांत पुनःपुन्हा वापरणे, हेच फलदायी मार्ग होत. क्षेत्राची त्रिज्या निम्मी केल्यास केंद्रे चौपट लागतात. क्षमता सुमारे चौपट होते, पण खर्चही वाढतो. म्हणून सर्वत्र लघुकेंद्रे न उभारता स्तर योजावे लागतात.

भारतात ७०० व ३३०० मेगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांचे वाटप २०२२ च्या लिलावात झाले. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी मोकळ्या अवकाशात ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा सुमारे १४ डेसिबलनी कमी क्षीण होतात. सड्यावरील उंच मनोऱ्यावरून माडबागा, खोलगट वाड्या आणि किनाऱ्यालगतचा समुद्र व्यापण्यास त्या योग्य. परंतु तेथे पट्टरुंदी थोडी. ३३०० मेगाहर्ट्झमध्ये पट्टरुंदी विपुल, पल्ला तोकडा. म्हणून तो स्तर मालवणची बाजारपेठ, तारकर्लीचा किनारा अशा गजबजल्या ठिकाणी शोभतो. जत्रेपुरता तिसरा स्तर वाहनांवरील तात्पुरत्या केंद्रांचा.

दोन स्तर एकाच कंप्रतेवर चालत असतील, तर प्रबळ मनोरा लघुकेंद्राचे ग्राहक आपल्याकडे ओढतो. यावर लघुकेंद्रास काही डेसिबलांचे झुकते माप देतात, आणि मनोऱ्याने ठरावीक कालखंडांत मौन पाळावे अशी योजना करतात.

तथापि सर्व स्तर एकाच प्रकाशतंतूवर आणि एकाच वीजवाहिनीवर विसंबून असतील, तर ते नावापुरतेच अनेक. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात या किनाऱ्यावरील वीजपुरवठा कोलमडला. जत्रेतील अडचण गैरसोयीची असते, वादळातील जिवावरची. म्हणून वरच्या स्तरांची क्षमता शिखरमागणीवरून ठरवावी. तळच्या विस्तृत स्तरास मात्र स्वतंत्र वीज आणि दुसरा संदेशमार्ग प्रथम द्यावा, हाच येथील आखणीचा अग्रक्रम होय.